नर-मादी सांगा, जात लिहून द्या, मग पिल्लाचे पैसे घ्या!



कापसाचा भाव, विजेचे बिल, बँकेची थकबाकी हे विषय सोडून या वेळी आम्ही कोंबडीच्या पिल्लांवर लिहायला बसलो, म्हणून काही जण हसतील. खुशाल हसोत. दिग्रस तालुक्यातल्या कोणत्याही गावात किंवा तांड्यावर जा आणि घरातल्या बाईला विचारा, की दसऱ्याआधी, कापसाची पहिली वेचणी व्हायच्या आधी, घरात रोख पैसा कुठून येतो? मीठ-मिरची, पोराची वही, तापाची गोळी, माहेरी जायचे बसभाडे कशातून निघते? उत्तर एकच मिळेल : चार अंडी विकली, एक कोंबडा विकला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली कोंबडी म्हणजे घरच्या लक्ष्मीच्या हातातली एकमेव बँक आहे. तिथे फॉर्म भरावा लागत नाही आणि साहेबाची सहीही लागत नाही. या बँकेवर आज दिवसाढवळ्या दरोडा पडतो आहे आणि गावातले आम्ही पुरुष पारावर बसून 'बायकांच्या कोंबड्या' म्हणून हसतो आहोत!

हा दरोडा साधा आहे. पिल्लू विकणाऱ्याला पिल्लाची जात माहीत असते. ते नर आहे की मादी, तेही बहुतेक वेळा माहीत असते. घेणारीला यातले काहीच माहीत नसते. आणि ज्याला माल ओळखता येतो तोच भाव ठरवतो. कापसाचा ओलावा आणि धाग्याची लांबी व्यापाऱ्याने सांगायची आणि आम्ही मान डोलवायची, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगतो आहोत. तोच खेळ आता खुराड्यापर्यंत येऊन पोचला आहे.

व्यवहार कसा होतो?

मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी जाळीची खोकी बांधलेला माणूस गावात येतो. खोक्यात गुलाबी, हिरवी, केशरी, जांभळी पिल्ले चिवचिवत असतात. लेकरे भोवती जमतात. 'घ्या मावशी, अस्सल गावरान! घ्या वहिनी, समद्या तलंगाच आहेत, सहा महिन्यांत अंड्यावर येतील!' तो बोलतो तेवढे खरे मानून बाई पदराची गाठ सोडते आणि दहा-वीस पिल्ले घेते. ना पावती, ना पत्ता, ना लसीचा दाखला. माणूस जातो तो परत त्या गावात दिसत नाही.

पुढे काय होते ते घरोघरच्या बायांना विचारा. पंधरा-वीस दिवसांत रंग उडतो आणि खालून पांढरी पिसे येतात. दोन महिन्यांत एकामागून एक डोक्यावर लाल तुरे उभे राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहाटे सगळे खुराडे आरवू लागते. वीसात सतरा कोंबडे! आणि तेही गावरान कोंबडे नव्हेत. अंगात मांस नाही, पायात जोर नाही. चार महिने दाणा खाऊन किलोभराच्या आसपास वजन. आखाडात किंवा पोळ्याच्या करीला गावरान कोंबड्याला जे गिऱ्हाईक हौसेने येते, ते या पांढऱ्या काटकुळ्याकडे बघतही नाही.

पूर्वी हे नुकसान इतके बोचत नव्हते. घरोघर ज्वारी होती. खळ्यावर सांडलेल्या दाण्यावर कोंबड्या जगत. आता ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आले, खळे गेले. कोंबडीला दाणा विकत घ्यावा लागतो. म्हणून जो कोंबडा पाळायचाच नव्हता तो चार महिने पोसणे म्हणजे शुद्ध तोटा.

हिशेब मांडून बघा. सुधारित जातीची कोंबडी परसात वर्षाला शंभर अंडी देते असे धरू. जगलेल्या वीसपैकी निम्म्या तलंगा निघाल्या असत्या तर दहा कोंबड्यांची हजार अंडी झाली असती. तीनच निघाल्या तर तीनशे. सातशे अंडी गेली. दिग्रसच्या बाजारात आज एका अंड्याला जो भाव आहे त्याने ज्याने त्याने गुणाकार करावा. शिवाय सतरा तोंडांचा दाणा वेगळा.

हे नशीब नव्हे

यावर ठरलेले उत्तर मिळते : 'बाई, तुमचे नशीब! नर निघतील की मादी, देवाच्या हाती.' हे उत्तर नीट तपासून घेतले पाहिजे.

अंड्यातून नर आणि मादी जवळपास निम्मे-निम्मे निघतात, हे खरे. नाणे फेकावे तसे हे चालते. वीस वेळा नाणे फेकले तर नेमके दहा वेळा छापा पडेलच असे नाही. वीसात तेरा किंवा जास्त कोंबडे निघणे आठ वेळांत एकदा घडू शकते. त्याला नशीब म्हणा, आमची हरकत नाही. पण वीसात सतरा किंवा जास्त कोंबडे निघणे? हे पावणेआठशे वेळांत एकदा घडावे. एका घरात घडले तर योगायोग म्हणू. एकाच माणसाकडून एकाच दिवशी घेतलेल्या पाच घरांत तसेच घडले तर तो योगायोग नाही. ती निवडून बाजूला काढलेली नर पिल्ले आहेत आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. गावातल्या सगळ्या बायांनी मिळून मोजा. कोणी किती पिल्ले घेतली, किती जगली, किती नर निघाले, एका वहीत लिहा. एकटी बाई बोलली तर तिचे नशीब. दहा बायांचा हिशेब एकत्र झाला तर तो पुरावा.

नर पिल्ले येतात कुठून?

अंड्यांसाठी पोसायच्या कोंबड्यांची जात वेगळी आणि मांसाची, म्हणजे ब्रॉयलरची, वेगळी. ब्रॉयलरमध्ये नर-मादी दोन्ही चालतात. अंड्यांच्या धंद्यात मात्र कोंबड्याला काम नाही. तो अंडी देत नाही आणि त्याच्या अंगाला मांसही धरत नाही. पण उबवणीत त्याचा वाटा निम्मा. त्यामुळे अशा हॅचरीत पिल्लू अंड्यातून बाहेर पडले, की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात. मादी मोठ्या पोल्ट्रीवाल्याकडे जाते. नर पिल्लू तिथे कचरा ठरते. तेच कवडीमोल भावाने उचलायचे, रंगात बुडवायचे आणि 'गावरान तलंगा' म्हणून आमच्या माथी मारायचे, असा हा धंदा आहे. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला हॅचरी निवडून मादी देते, कारण तो हजारांनी घेतो आणि चुकले तर जाब विचारतो. आमची बाई दहा घेते आणि गप्प बसते. ज्याला 'इंडिया' आणि 'भारत' यांतला फरक अजून कळला नसेल त्याने पिल्लाचे खोके बघावे.

परदेशात यावर काय चालले आहे? जर्मनीने २०२२ पासून नर पिल्ले जन्मताच मारायला बंदी घातली. तिथल्या हॅचऱ्यांत आता पिल्लू बाहेर येण्याआधी, अंड्यातच, यंत्राने नर-मादी ओळखण्याची सोय झाली आहे. इकडे आमच्या माउलीला तीन महिन्यांनी, कोंबडा आरवल्यावर कळते!

एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखतात कसे?

ही काही जादू नाही. याचे तीन रस्ते आहेत आणि ते आम्हाला माहीत असलेच पाहिजेत, म्हणजे कोणी थापा मारू शकणार नाही.

पहिला रस्ता जपानचा. किओशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात शोधून काढले, की एका दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच उघडून पाहिली तर आत नराच्या बाबतीत बारीकसा उंचवटा दिसतो. दिसायला सोपे, करायला महाकठीण. शिकायला फार दिवस लागतात. मुरलेला माणूस तासाला शेकड्यांनी पिल्ले निवडतो आणि शंभरात चार-पाचपेक्षा जास्त चुकत नाही. घरी हा प्रयोग करू नका, पिल्लू मरेल.

दुसरा रस्ता रंगाचा. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते. (तरी मुलगी झाली की दोष आईला देणारे आमच्यात आहेतच!) कोंबड्यांत मात्र ते कोंबडीकडून ठरते. त्यामुळे कोंबडीच्या अंगचे काही गुण असे आहेत, की ते तिच्या नर पिल्लांतच उतरतात. मादी पिल्लांना ते गुण बापाकडूनच मिळू शकतात. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड पनेट या शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हे ओळखून पिल्ले रंगावरून निवडायची युक्ती सुचवली. पट्टेरी कोंबडी आणि काळा कोंबडा यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीच्या नाही. तांबडा कोंबडा आणि त्यासाठी निवडलेली पांढरी कोंबडी यांच्या पिल्लांत मादी तांबूस आणि नर फिकट पिवळा निघतो. तपकिरी अंड्यांच्या पुष्कळ संकरित कोंबड्या अशाच निवडतात.

तिसरा रस्ता पंखाचा. आई हळू पिसे फुटणाऱ्या वंशातली आणि बाप लवकर पिसे फुटणाऱ्या वंशातला निवडला, तर मादी पिल्लाच्या पंखाची मोठी पिसे वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा लांब दिसतात आणि नराची सारख्या लांबीची किंवा आखूड. हे पहिल्या दिवशीच बघायचे असते. पुढे फरक पुसला जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. दुसरा आणि तिसरा रस्ता चालतो तो आई-बापाचा वंश माहीत असेल तेव्हाच. आमच्या गावरान कळपात कोण कुणाचा बाप, याची नोंद नाही. म्हणून कोणी विक्रेता पंख फाकून दाखवत 'ही बघा, मादी' म्हणाला, तर त्याला विचारा : याची आई कोणत्या वंशाची, बाप कोणत्या वंशाचा? उत्तर नसेल तर पंख दाखवणे हे डोळ्यांत धूळ फेकणे आहे. मिश्र गावरान पिल्लाची नर-मादी पहिल्या दिवशी रंगावरून किंवा पंखावरून खात्रीने सांगता येत नाही, हे स्वच्छ समजून घ्या.

आमच्या घरातही काही समजुती आहेत. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते. पिल्लावर सुई-दोरा धरला आणि तो गोल फिरला तर मादी. पायाला धरून उलटे केले आणि तडफडले तर नर. या सगळ्या समजुती निम्म्या वेळा बरोबर ठरतात. का? डोळे मिटून सांगितले तरी निम्मे बरोबर येणारच! आजीचा अनुभव मोठा आहे. कोंबडी खुडूक कधी होते, कोणती कोंबडी चांगली आई होते, हे आजीइतके कुणाला कळत नाही. पण सुई-दोऱ्याला मान देऊ नका.

मग आम्ही कसे ओळखायचे?

थांबून, आणि शेजारी-शेजारी ठेवून. एकाच वयाची, एकाच तुऱ्याची पिल्ले एकमेकांशी ताडून पाहा. एकटे पिल्लू पाहून कुणीही फसेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तुऱ्याकडे लक्ष ठेवा. उभ्या, दातेरी तुऱ्याच्या पिल्लांत नराचा तुरा आधी वाढतो आणि गुलाबी होतो; मादीचा बारीक आणि फिकट पिवळा राहतो. मात्र असील रक्ताच्या पिल्लांचा तुरा मुळातच वाटाण्यासारखा चपटा आणि बारका असतो. त्यांच्यात नराचाही उशिरा दिसतो. त्यांना उभ्या तुऱ्याच्या पिल्लांशी ताडू नका.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पिसे पाहा. थोराड बांध्याच्या जातींत मादीच्या पाठीवर आणि शेपटीला पिसे लवकर भरतात. नर पिल्लाची पाठ, खांदे उघडे राहतात आणि शेपटी खुंटासारखी दिसते. नराचे पाय जाड, उभे राहणे ताठ.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी लाल झाली तर तो बहुतेक नरच. पट्टेरी पिल्लांत नराचा रंग एकंदर फिकट आणि मादीचा गडद दिसतो.

आठव्या ते बाराव्या आठवड्यात खरी खूण उमटते. मानेवरची आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवर येणारी पिसे हातात घेऊन पाहा. नराची लांब, टोकदार आणि चमकदार. मादीची टोकाला गोल. ही खूण जवळजवळ कधी चुकत नाही. आरवणे कधी दोन महिन्यांत, कधी चार महिन्यांत. पायाच्या काट्यावर विसंबू नका. तो उशिरा येतो आणि काही कोंबड्यांनाही असतो.

याचा अर्थ काय? आम्हाला अंड्यासाठी कोंबडी हवी असेल तर एका दिवसाचे रंगीत पिल्लू घेण्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांची तलंग, पिसे आणि तुरा पाहून घ्यावी. भाव जास्त पडेल. पण जे पाहिले तेच घरी येईल, आणि पिल्लांची पहिल्या महिन्यातली मरतूकही विकणाऱ्याच्या माथी राहील.

जातीचे सोंग

नर-मादीसारखेच जातीचे. 'गावरान' हा शब्द आज बाजारात सगळ्यात महाग आणि सगळ्यात खोटा झाला आहे. रंगीत पिसांची कोंबडी दिसली की ती गावरान! हैदराबादच्या केंद्र सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराजा, या सगळ्या रंगीतच आहेत. त्या वाईट नाहीत. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्या शंभरावर जातात. आमचे भांडण वनराजाशी नाही. वनराजाला गावरान म्हणून आणि हॅचरीच्या टाकाऊ नराला वनराजा म्हणून विकणाऱ्याशी आहे.

मिश्र पिल्लाच्या अंगावर रक्ताच्या काही खुणा दिसतात. मान उघडी असेल तर ते बोडक्या मानेचे रक्त. पुढे मानेवर पिसांचा झुबका उरला असेल तर ते रक्त आई किंवा बाप एकाच बाजूने आले आहे. उलटी पिसे, चपटा तुरा, उंच ताठ बांधा या खुणा तशाच. पण रंग ही जातीची खूण नव्हे. गावरान कळपात एका आईची पिल्ले सात रंगांची निघतात.

काळ्या कोंबडीचे उदाहरण घ्या. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कडकनाथच्या नावाचा बाजार तापला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूर भागातून निघालेल्या कडकनाथ योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे त्यांना सांगितले होते. तिथेही मूळ तेच : मालाची पारख विकणाऱ्याच्या हाती, भाव त्याच्या तोंडी. हे लक्षात ठेवा, की काळ्या कातडीच्या जातीचा कोंबडा फिकट पायांच्या कोंबडीला दिला तरी काळपट पिल्ले निघू शकतात आणि त्यांत माद्या जास्त काळ्या असतात. म्हणजे काळी ती अस्सल असे मुळीच नाही. आणि कडकनाथचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवणारा माणूस रंगारी आहे!

पण जातीच्या प्रश्नात याहूनही मोठा धोका आहे, आणि तो आम्ही ओळखायला हवा. गावरान कोंबडी खुडूक होते, अंड्यांवर बसते, एकवीस दिवसांनी पिल्ले काढते आणि त्यांना घारीपासून राखते. हॅचरीच्या जातींतून हा गुण मुद्दाम काढून टाकलेला असतो, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. त्या रंगवलेल्या पांढऱ्या पिल्लांतला एखादा कोंबडा खुराड्यात राहिला, तर त्याच्या लेकी खुडूक व्हायच्या कमी होतात. दोन-तीन पिढ्यांत गावात अंड्यांवर बसणारी कोंबडी शोधावी लागेल. मग पिल्लासाठी दरवर्षी मोटारसायकलवाल्याची वाट बघायची!

हे तुम्हाला ओळखीचे वाटते ना? घरची सरकी पेरायचो, आता दरवर्षी पाकीट आणतो. पाकीट आणायला आमचा विरोध नाही; पीक जास्त देत असेल तर शेतकरी नवे बियाणे घेणारच आणि त्याला ते मिळालेच पाहिजे. पण घरचे बियाणे राखायचे की पाकीट आणायचे, हे आम्ही ठरवू. आमच्या नकळत, रंग फासून, आमचे बियाणे बुडवायचा अधिकार कुणालाही नाही. ज्या घरात चांगली खुडूक होणारी कोंबडी आहे, त्या घराने पांढरा कोंबडा कळपात राहू देऊ नये आणि चांगला गावरान कोंबडा, निदान दुसऱ्या घरचा, जोडीला ठेवावा.

सरकारी खोके

खासगी विक्रेत्याला बोलायचे आणि सरकारला सोडायचे, हा आमचा धर्म नाही. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत निम्म्या अनुदानावर आठ-दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट देतात. दुसऱ्या प्रकारात एक दिवसाची १०० पिल्ले. कागदावर योजना चांगली आहे. पण उरलेला निम्मा पैसा आमचा आहे आणि अनुदानाचा पैसाही आम्हीच भरलेल्या करातून आला आहे. तेव्हा खोके ताब्यात घेताना डोळे उघडे हवेत. आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्यात तुरा आणि पिसे पाहून नर-मादी कळू लागते. तेव्हा तिथेच, साहेबासमोर, एकेक पक्षी हातात घेऊन मोजा. पंचवीस माद्या भरल्या तरच सही. कमी भरल्या तर तसे पावतीवर लिहून मगच सही.

कळपाच्या जातीबद्दलही विचारा. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज आले. त्यात जोडधंदा म्हणून दुभत्या गाई वाटल्या. ज्या घरात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे जास्त चारा-पाण्याची गाय बांधली. कितीकांनी ती विकून टाकली, हे या जिल्ह्याला सांगायला नको. जनावर कोणत्या जातीचे, ते काय खाते, कोणत्या उन्हात टिकते, हे न सांगता दिलेले अनुदान म्हणजे मदत नव्हे, ओझे.

हरकती आणि उत्तरे

'पावती, दाखला मागितला तर पिल्लू महाग होईल.' होऊ द्या. स्वस्त पिल्लाचा हिशेब वर मांडला आहे. सातशे अंडी गमावून मिळालेले पिल्लू स्वस्त कसे?

'कोंबडा निघाला तर कापून खा, त्यात काय?' खाऊच. आम्ही कोंबड्याचे वैरी नाही. नर हवा असेल तेव्हा नर म्हणून, नराच्या भावात घेऊ. ज्वारीच्या भावात ज्वारी आणि गव्हाच्या भावात गहू. गव्हाचे पैसे घेऊन पोत्यात ज्वारी भरणाऱ्याला बाजारात काय म्हणतात?

'म्हणजे आणखी एक कायदा, आणखी एक इन्स्पेक्टर?' नाही! इन्स्पेक्टर आला की त्याचा हप्ता आमच्याच पिल्लावर चढतो, हे आम्ही पुरते शिकलो आहोत. बियाण्याला १९६६ चा कायदा आहे, पिशवीला चिठ्ठी आहे, तरी बोगस बियाणे येतेच. आम्हाला परमिट नको, पावती हवी. विकणाऱ्याने जे तोंडाने सांगितले तेच कागदावर लिहून सही करावी. खरा धंदा करणाऱ्याला यात अडचण काय? खोटे ठरले तर ग्राहक न्यायालयात उभे राहायला तो कागद पुरेसा आहे.

'बायकांच्या चार कोंबड्यांसाठी एवढा आटापिटा?' हे शेवटचे, आणि हे आमच्याच माणसांचे. १९८२ मध्ये देशातल्या अंडी उत्पादकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली आणि अंड्याचा भाव आपण जाहीर करायचा असे ठरवले. कापूसवाल्यांना जे जमवताना नाकी नऊ येतात ते कोंबडीवाल्यांनी करून दाखवले! कोंबडीला हसणाऱ्यांनी आधी तेवढे करून दाखवावे.

या सभेपुढे आमचे म्हणणे

जिल्हा बैठकीत पुढील गोष्टी ठरवाव्यात आणि दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या तालुक्यांतल्या शाखांनी त्या गावोगाव न्याव्यात.

१. जो विक्रेता पिल्लाची जात, उबवणीची तारीख, उबवणी केंद्राचे नाव, दिलेली लस आणि 'निवडलेली मादी, निवडलेले नर की मिश्र' हे लिहून देणार नाही, त्याच्याकडून गावात कोणीही पिल्लू घेऊ नये.

२. रंगवलेले पिल्लू कोणत्याही भावाने घेऊ नये. रंग फासावा लागतो तो लपवण्यासाठीच.

३. प्रत्येक गावात महिला आघाडीने पिल्लांची वही ठेवावी : किती घेतली, कोणाकडून, किती जगली, किती नर निघाले. बाराव्या आठवड्यात मोजणी करावी.

४. सरकारी गट घेताना नर-मादी समोरासमोर मोजून घ्यावेत. मोजणी नाकारली तर सही नाकारावी.

५. मानमोडीची लस, म्हणजे पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी, गावच्या सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी द्यावी. नर-मादी ओळखून उपयोग काय, जर सगळीच मानमोडीने गेली!

६. प्रत्येक गावाने चांगल्या खुडूक होणाऱ्या गावरान कोंबड्या आणि निवडक कोंबडे राखावेत, आणि त्यांची पिल्ले गावातच, ओळखीच्या भावाने, विकावीत. या विक्रीलाही तोच नियम : मिश्र असतील तर मिश्र म्हणून सांगा. दुसऱ्याला जो नियम लावतो तो स्वतःला लावला तरच आमच्या बोलण्याला वजन येईल.

मायबहिणींनो, दारात मोटारसायकल थांबेल, खोके उघडेल, लेकरू हट्ट करील. तेव्हा पदराची गाठ सोडण्याआधी तीन प्रश्न विचारा : जात कोणती? नर की मादी? लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नाला तो गाडीला किक मारील. मारू द्या. तो पुढच्या गावात जाईल, आणि तिथेही हेच तीन प्रश्न त्याला ऐकू आले पाहिजेत. ते तिथे पोचवणे आपले काम आहे.